लोगोवरून कंपनीचा स्वतःचा देवनागरी फॉन्ट: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

इंदूरमध्ये नमकीन, मसाले, कोचिंग क्लासेस, साड्या, औषधं अशा कितीतरी कंपन्यांना हल्ली स्वतःचा फॉन्ट हवा असतो. मागणी बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "लोगो आहे तशीच सगळी अक्षरं करून द्या." डिझायनरही तेच करायला बसतो. लोगोतली तीन-चार अक्षरं उचलतो, उरलेली अ पासून ज्ञ पर्यंत वर्णमालेच्या क्रमाने काढत जातो आणि शेवटी मात्रा चिकटवतो. असा फॉन्ट दुकानाच्या बोर्डावर बरा दिसतो. पाकिटाच्या मागच्या बाजूला मात्र तो वाचवत नाही, आणि मराठी मजकूर टाकला की 'कचोऱ्या' या पहिल्याच शब्दाला फुटतो.

काढणाऱ्याचा हात चांगला असूनही हे घडतं, कारण क्रम चुकलेला असतो. लोगो एका शब्दापुरता जुळवलेला असतो, फॉन्टला कुठलाही शब्द पेलावा लागतो. म्हणून लोगोतून आधी नियम काढायचे, ते लोगोत नसलेल्या अक्षरांवर तपासायचे, आणि ते टिकले तरच पुढे जायचं.

समजावण्यासाठी एक काल्पनिक लोगो धरू: 'कमल'. जाड अक्षरं, सलग शिरोरेषा, म च्या गाठीत पानाचा आकार, आणि शेवटी काना असलेला हिंदी वळणाचा ल.

## १. आधी मजकूर गोळा करा

पेन्सिल हातात घेण्यापूर्वी कंपनीकडून छापील आणि डिजिटल सगळा मजकूर मागून घ्या: पाकिटं, खोके, बिलं, दुकानाचा बोर्ड, गाडीवरचं नाव, ॲप, व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती. त्याचे तीन ढीग करा. लांबून वाचायचा मजकूर, हातात धरून वाचायचा मजकूर, आणि अगदी बारीक मजकूर (घटक, पत्ता, सूचना). फॉन्ट यातल्या कुठल्या ढिगासाठी आहे हे मालकाकडून लेखी घ्या. "सगळ्यासाठी" असं उत्तर आलं तर किमान दोन वजनं (म्हणजे त्याच अक्षरांची जाड आणि हलकी रूपं) काढावी लागतील आणि खर्च त्याप्रमाणे वाढेल, हे त्याच बैठकीत सांगा.

भाषाही इथेच ठरवा. इंदूरच्या कंपनीचा मजकूर मुख्यतः हिंदीत असतो, पण माल पुण्या-नागपूरला जात असेल किंवा गावातल्या मराठी घरांसाठी जाहिरात होत असेल तर मराठी लागणारच. हिंदीला ड़ आणि ढ़ चे नुक्ते (खालचे ठिपके) हवेत, मराठीला ळ, ॲ, ऑ आणि दऱ्या-कचोऱ्यांमधला र हवा. "मराठी नंतर घालू" असं म्हणून सुरू केलेल्या फॉन्टमध्ये मराठी ठिगळासारखी दिसते.

एक गोष्ट मालकाला आधीच सांगून ठेवा. बॅच नंबर, तारीख आणि किंमत पाकिटावर बहुधा कोडिंग मशीन छापतं, आणि त्या मशीनचा फॉन्ट वेगळा असतो. तिथे तुमचा फॉन्ट दिसणार नाही.

## २. लोगो कुठून आला ते तपासा

लोगोची मूळ व्हेक्टर फाइल (रेषांच्या रूपातली, कितीही मोठी केली तरी न फुटणारी) मागा. व्हॉट्सॲपवर आलेल्या जेपीजीवर ट्रेस करून काम सुरू करू नका. ट्रेसमध्ये कोपरे गोल होतात आणि जाडी दर अक्षराला थोडी बदलते. तुम्ही ती गंमत लोगोचा स्वभाव समजून नियमात उतरवता.

मग विचारा, लोगोतली अक्षरं हाताने काढलेली आहेत की एखाद्या तयार फॉन्टमधून घेऊन थोडी बदललेली? बऱ्याच लोगोंचं मूळ तयार फॉन्टमध्येच असतं.

सावधान: मूळ फॉन्ट विकतचा असेल तर त्याचे आकार बदलून नवा फॉन्ट करायला परवाना साधारणपणे परवानगी देत नाही. मूळ मुक्ता, बालू, हिंद किंवा पॉपिन्ससारखा ओपन फॉन्ट लायसन्सचा असेल तर बदल करता येतात, पण त्यावरून केलेला फॉन्टही त्याच लायसन्सखाली राहतो. तो "फक्त आमचाच" असं कंपनीला म्हणता येणार नाही. अशा वेळी एकही आकार न उचलता अक्षरं कोऱ्या कागदावरून काढावी लागतात.

करारही याच टप्प्यावर करा. फॉन्टचे हक्क कंपनीला द्यायचे असतील तर लेखी हस्तांतर हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांचं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहा. फॉन्ट छापखान्याला, जाहिरात एजन्सीला आणि ॲप करणाऱ्यांना देता येईल का, हेही लिहा, कारण पहिल्या आठवड्यातच तो प्रश्न येतो.

## ३. लोगो मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. लोगो फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. ग्लिफ्स, फॉन्टलॅब किंवा मोफत मिळणारं फॉन्टफोर्ज, काहीही चालेल. अक्षराची चौकट १००० युनिटची ठेवा (युनिट म्हणजे फॉन्टच्या आतलं मोजमाप) आणि शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर ६५० युनिट येईल असा लोगो लहान-मोठा करा. आता एका कागदावर लिहून काढा:

- कान्याची जाडी
- शिरोरेषेची जाडी
- वळणातली सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक जागा, आणि ती कुठे पडते
- गाठीतली पांढरी जागा
- टोकांचा काप: सरळ, तिरपा की गोल
- दोन कान्यांमधलं अंतर

'कमल'मध्ये समजा काना ११८, शिरोरेषा ९६ आणि म च्या गाठीतली पांढरी जागा ३४ निघाली. हे आकडे कागदावर आले की पुढचे निम्मे वाद मिटतात.

त्यातून काय दिसतं ते बघा. ६ पॉइंटला पूर्ण चौकट २.१२ मिलिमीटरची होते. म्हणजे ३४ युनिटची पांढरी जागा जेमतेम ०.०७ मिलिमीटर उरते. पाउचवर शाई थोडी पसरतेच, आणि गाठ काळी होते. गडद रंगावर पांढऱ्या अक्षरांत उलटं होतं: शाई आत येते आणि अक्षराची रेषाच बारीक होते. लोगो पाकिटाच्या दर्शनी बाजूला दोन इंचांचा असतो, म्हणून तिथे हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

तपासा: दोन कान्यांच्या जाडीत ३-४ युनिटांचा फरक असेल तर तो लोगोकाराचा हेतू होता की फाइलची चूक, हे ठरवा. चूक असेल तर फॉन्टमध्ये एकच आकडा घ्या.

## ४. नियम लिहा, आणि काय सोडायचं तेही लिहा

मोजमापावरून पाच-सहा वाक्यं लिहा. 'कमल'साठी ती अशी होतील: शिरोरेषा कान्यापेक्षा थोडी बारीक. कान्याचं खालचं टोक तिरपं कापलेलं, काप डावीकडून उजवीकडे वर जाणारा. वळणं भरदार, पोटाशी जाड. सुटी टोकं बोथट. आतल्या पांढऱ्या जागा मोकळ्या.

याखाली रेघ मारून दुसरी यादी करा: लोगोत आहे पण फॉन्टमध्ये येणार नाही. म च्या गाठीतलं पान इथे जातं. ते पान प्रत्येक म मध्ये ठेवलं तर 'मम्मी', 'मसालेदार', 'मध्यम' असे शब्द ठिपक्यांनी भरतात, आणि मालकाला प्रिय असलेली ती खूण सगळीकडे दिसून स्वस्त होते. लोगोत दोन अक्षरं एकमेकांत गुंतवलेली असतील, शिरोरेषा एका टोकाला वळवून वर नेलेली असेल, तर तेही याच यादीत.

मालक इथे हमखास अडतात. संवाद साधारण असा होतो:

"अहो, आमच्या म चं पान कुठे गेलं? ओळखच ती आहे."

"काका, पान लोगोत आहे आणि तिथेच राहील. फॉन्टमधून तुमचा लोगो टाइप करायचाच नाही. लोगो नेहमी चित्र म्हणून लागेल."

हे वाक्य करारातही घाला: लोगो फॉन्टमधून टाइप करायचा नाही. नाहीतर बिल करणारा 'कमल' असं टाइप करतो आणि बाजारात दोन लोगो फिरू लागतात.

लोगोला शिरोरेषाच नसेल तर हा निर्णय इथे घ्यावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे: वाचायच्या मजकुराच्या फॉन्टला शिरोरेषा ठेवा. बिनशिरोरेषेचे चार शब्द लोगोत शोभतात, पण घटकांची यादी तशी छापली तर घ-ध आणि भ-म वेगळे ओळखायला डोळ्यांना कष्ट पडतात.

## ५. पहिली अक्षरं: लोगोबाहेरची

आता काढायला घ्या, पण क, म, ल पासून नको. ती तुम्हाला आधीच माहीत आहेत, त्यांच्याकडून नवीन काही कळत नाही. देवनागरी अक्षरांचे कान्यावरून तीन गट पडतात: शेवटी काना असलेली (न, प, ग, च, स), मध्ये काना असलेली (क, फ) आणि काना नसलेली (ट, ठ, ड, द, ह, र, ळ). प्रत्येक गटातून लोगोत नसलेली अक्षरं निवडा. मी साधारण ही घेतो: न, प, स, फ, ट, द, ह, र, भ. त्यांना काना (ा), वेलांटी (ी) आणि एक मात्रा (े) जोडली की शब्द तयार होऊ लागतात.

'कमल'मध्ये बिनकान्याचं एकही अक्षर नाही, आणि खरी परीक्षा तिथेच होते. 'ट'चं पोट किती गोल असावं, 'द'ची शेपटी कुठे संपावी, 'ह'ची वळणं किती घट्ट असावीत, यातलं काहीही लोगो सांगत नाही. नियमांकडे बघूनच ठरवावं लागतं. नियमांवरून ठरवता येत नसेल तर नियम अपुरे आहेत, परत चौथ्या टप्प्यावर जा.

एक चूक इथे फार दिसते. डिझायनरचा हात रोमन अक्षरांवर तयार झालेला असतो आणि तो देवनागरीत जाड-बारीक रोमनच्या कोनात टाकतो. देवनागरीत बोरूच्या कापामुळे जाड-बारीकपणा उलट्या कोनात पडतो. शंका आली तर तिरपा काप दिलेला बोरू किंवा कटनिब शाईत बुडवून 'द' आणि 'स' मोठे लिहून बघा, जाडी कुठे येते ते कागदावर दिसेल. लोगो एकसारख्या जाडीचा असला तरी वळण कान्याला मिळतं तिथे थोडं बारीक करावं लागतं, नाहीतर तिथे काळा डाग दिसतो.

शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर १०-१५ युनिट जाऊ द्या. बरोबर चौकटीच्या रेषेवर थांबवली तर स्क्रीनवर दोन अक्षरांमध्ये केसाएवढी फट दिसते.

तपासा: 'पहाट', 'नदी', 'दरी', 'फराटे', 'सभा', 'पहारा' असे शब्द ६, १२ आणि ४८ पॉइंटला छापा. घरच्या प्रिंटरवर चालेल. ६ पॉइंटचा कागद हातभर लांब धरा. जाड 'कमल' इथेच हरेल. मग दोन वजनं करा: शीर्षकासाठी लोगोच्या जवळचं (काना ११०-११८) आणि मजकुरासाठी हलकं (काना ८०-९०, गाठीतली पांढरी जागा ६० च्या वर). हा निर्णय दहा-बारा अक्षरांवर घेतला तर स्वस्त पडतो, चारशे ग्लिफ (फॉन्टमधले सुटे आकार: अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं) झाल्यावर घेतला तर सगळं परत करावं लागतं.

मालकाला पहिला नमुना याच ठिकाणी दाखवा, यापूर्वी नको आणि यानंतरही नको.

## ६. बाकीची अक्षरं गटागटाने

मंजुरी मिळाली की वेगाने जा. एकाच अंगाची अक्षरं एकत्र काढा: प-ष-फ, व-ब-क, घ-ध, ड-ङ-इ-ई, ट-ठ-ढ, र-स-ख, भ-म-झ. प चं पोट बदललं तर ष आणि फ त्याच दिवशी बदला. वर्णमालेच्या क्रमाने गेलात तर प सुधारताना ष शंभर ग्लिफ दूर असतो आणि विसरला जातो.

अंतरं अक्षर काढतानाच द्या, नंतरसाठी ठेवू नका. 'नटन', 'नदन', 'नरन' अशा ओळी टाइप करून बघा. लोगोतलं अंतर मात्र घेऊ नका. ते मोठ्या आकारासाठी आवळलेलं असतं.

## ७. मात्रा, वेलांट्या, रफार

फॉन्टचा निम्मा जीव इथे आहे, आणि घाईही इथेच होते.

पहिली वेलांटी. एकच 'ि' काढून भागत नाही. तिची कमान पुढच्या अक्षराच्या कान्यापर्यंत पोचावी लागते. 'रि' साठी ती आखूड हवी, 'कि' साठी लांब, 'ष्टि' आणि 'स्थि' साठी आणखी लांब. आठ-दहा रुंदीच्या वेलांट्या करा आणि संदर्भाप्रमाणे बदलण्याचा नियम फॉन्टमध्ये घाला. 'मिरची', 'चिक्की', 'मिष्टान्न', 'क्षितिज', 'स्थिती' हे शब्द लावून बघा.

रफार. रफाराची जागा शेवटच्या कान्यावर. दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकत्र आले की टक्कर होते. 'र्की', 'र्थी', 'र्मीं', 'र्वां' असे जोड वेगळे ग्लिफ म्हणून काढा. नुसते अँकर (खूण अक्षराला कुठे जोडायची ते सांगणारे बिंदू) लावून तीन खुणा एकमेकींवर रचल्या तर त्या आभाळाला टेकतात.

खालच्या मात्रा. 'रु', 'रू', 'हृ', 'दृ' स्वतंत्र काढावे लागतात. 'द्रु', 'ट्रु', 'छू', 'ळू' मध्ये उकार खाली किती जातो ते मोजून ठेवा. हिंदीत 'पकौड़ी', 'कड़क', 'झाड़ू' यांतला नुक्ता उकाराशी किंवा अक्षराच्या शेपटीशी चिकटतो का ते पाहा. ड़ दोन प्रकारे टाइप होतो, एकसंध किंवा ड आणि नुक्ता वेगळे. दोन्ही सारखे दिसायला हवेत.

सावधान: सर्वांत उंच जोड (दुसरी वेलांटी, रफार, अनुस्वार) आणि सर्वांत खोल जोड (जोडाक्षराखाली दीर्घ उकार) यांच्यावरून ओळीची उंची ठरवा. फॉन्टमध्ये ही उंची तीन ठिकाणी लिहावी लागते आणि विंडोज, मॅक, ब्राउझर वेगवेगळी जागा वाचतात. तिन्ही जुळल्या नाहीत तर एका कॉम्प्युटरवर वेलांटीचं डोकं कापलं जातं. एकदा फॉन्ट दिल्यावर हे आकडे बदलू नका, कंपनीची सगळी पानं हलतात.

## ८. जोडाक्षरं, आणि मराठी-हिंदी वळण

सगळी शक्य जोडाक्षरं काढायची गरज नाही. शेवटी काना असलेल्या अक्षरांची अर्धी रूपं केली की बहुतेक जोड आपोआप होतात. कान्याशिवायच्या अक्षरांचे जोड मात्र हाताने काढा: द्ध, द्य, द्व, द्म, द्द, ट्ट, ट्ठ, ठ्ठ, ड्ड, ह्य, ह्म, ह्न, ह्ल, ह्व. जोडीला क्त, त्त, त्र, श्र, श्च, ष्ट, ष्ठ, क्ष, ज्ञ. हिंदी आणि मराठी दोन्ही धरून नीट केलेला फॉन्ट साधारण चारशे ते सातशे ग्लिफचा होतो.

आता ल आणि श. हिंदी वळणाच्या ल ला शेवटी पूर्ण काना असतो. मराठी वळणाचा ल छोट्या देठाला दोन पाकळ्या असा असतो, काना नसतो. 'कमल'चा लोगो हिंदी वळणाचा आहे, म्हणून डिझायनर तोच एक ल ठेवतो. मराठी वाचकाला मग सगळं पाकीट भाषांतरित वाटतं, भाषा कितीही शुद्ध असली तरी. दोन्ही रूपं काढा. मूळ जागी कंपनीच्या मुख्य भाषेचं रूप ठेवा आणि दुसरं 'लोकलाइज्ड फॉर्म्स' फीचरमध्ये (मजकुराच्या भाषेप्रमाणे अक्षराचं रूप बदलणारा नियम) मराठीसाठी घाला.

यात एक खोड आहे. पूर्ण ल बदलण्याचा नियम लिहिला जातो आणि अर्धा ल विसरला जातो. काना नसल्यामुळे मराठी ल चं अर्धं रूप वेगळं काढावं लागतं, नुसता काना कापून होत नाही. परिणाम असा की 'लालबाग' मराठी दिसतं, पण 'मल्हारगंज' आणि 'अहिल्या' मध्ये हिंदी ल डोकावतो. इंदूरच्या कामात हे दोन शब्द जागोजागी येतात, म्हणून ते माझ्या तपासणीच्या कागदावर सर्वांत वर असतात. श चंही तसंच: 'शहर', 'नाश्ता', 'ईश्वर' तिन्ही तपासा.

दुसरी मराठी गोष्ट दऱ्यातल्या र ची. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे वेगळे शब्द आहेत. हा र दोन प्रकारे टाइप होतो: युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक) ०९३१ चा ऱ आणि हलन्त (पाय मोडण्याची खूण), किंवा साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारी जोडखूण). दोन्हींतून तेच रूप यायला हवं. 'कचोऱ्या', 'पुऱ्या', 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कुऱ्हाड' छापून बघा. या र ची शिरोरेषेखालची बारीक कमान मजकुराच्या आकारात नाहीशी होते, तिला थोडी जाड ठेवा.

'ॲप' मधला ॲ युनिकोडमध्ये वेगळा आहे, त्याची जागा रिकामी ठेवू नका. 'बँक' हा शब्द लोक चंद्रबिंदूने टाइप करतात, काही जण अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे देतात, दोन्ही तपासा.

## ९. रोमन आणि आकडे

लोगोला रोमन जोड नसेल तर रोमन अक्षरं साधी ठेवा. लहान अक्षरांची उंची देवनागरीच्या मुख्य उंचीपेक्षा कमी, मोठ्या अक्षरांची थोडी जास्त, काळेपणा सारखा. एवढं पुरतं.

आकड्यांवर मात्र वेळ द्या. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वजनमाप नियमांत आकड्यांच्या किमान उंचीची अट आहे, आणि रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नसावी असंही त्यात आहे. लोगो उभा-चिंचोळा असला तरी आकडे आवळू नका. रुपयाचं चिन्ह (युनिकोड २०बी९) दोन्ही वजनांत काढा. बिलासाठी सगळे आकडे एकाच रुंदीचे असा पर्याय ठेवा, नाहीतर रकमांच्या रांगा वाकड्या दिसतात. थर्मल बिल प्रिंटर बहुधा २०३ डीपीआयचा असतो, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. ३ आणि ८ तिथे वेगळे ओळखू येतात का ते छापूनच बघा.

## १०. जिथे वापर होणार तिथे तपासा

फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये बरोबर दिसणं पुरेसं नाही. फाइल तयार करून खालच्या ठिकाणी न्या.

इनडिझाइन (छपाईची पानं लावायचं सॉफ्टवेअर). त्यात 'वर्ल्ड रेडी कंपोझर' हा पर्याय लावलेला नसेल तर वेलांट्या चुकीच्या जागी पडतात आणि दोष फॉन्टवर येतो. मजकुराची भाषा मराठी निवडा, तरच मराठी ल येतो. वेबसाइटवरही पानाची भाषा मराठी नोंदवलेली असावी लागते.

भाषा निवडता न येणारी सॉफ्टवेअर. तिथे मराठी ल येणारच नाही. म्हणून मराठी रूपं मूळ जागी ठेवलेली वेगळी फाइल, वेगळ्या नावाने, सोबत द्या. सरळ आणि खात्रीचा उपाय आहे.

छापखाना. गावातल्या बऱ्याच ऑपरेटरांचा हात कृतिदेव हा जुना फॉन्ट आणि टाइपरायटरच्या मांडणीचा रेमिंग्टन कीबोर्ड यांवर बसलेला आहे. कृतिदेवचा मजकूर निवडून फॉन्टचं नाव बदललं की नव्या फॉन्टमध्ये अर्थहीन अक्षरं येतात, कारण कृतिदेव युनिकोड नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर युनिकोड घेतच नाही. अशा छापखान्याला फॉन्टऐवजी कर्व्ह केलेली (अक्षरांचे नुसते आकार केलेली) पीडीएफ द्या.

रेडियम आणि सीएनसी कटिंग. शिरोरेषा चौकटीबाहेर काढल्या होत्या ते आठवा. मजकूर कर्व्ह केला की प्रत्येक अक्षर वेगळा आकार राहतो आणि शिरोरेषांच्या जोडावर ब्लेड फिरते. बोर्डावरचा शब्द तुकड्यांत निघतो. कटिंगला पाठवण्यापूर्वी शब्द वेल्ड करायला (सगळे आकार जोडून एक करायला) सांगा. ही सूचना फॉन्टसोबतच्या कागदावर ठळक लिहा.

तपासणीचा एक कागद कायम ठेवा आणि प्रत्येक नवी फाइल त्याच कागदावर लावा. माझ्या कागदावर इंदूरची नावंच आहेत, कारण त्यांत बहुतेक अडचणी येऊन जातात: कृष्णपुरा छत्री, अन्नपूर्णा, मल्हारगंज, भँवरकुआँ, तुकोगंज, छप्पन दुकान, देवी अहिल्या विमानतळ. खाली कचोऱ्या, विठ्ठल, श्रद्धा, उद्घाटन, चिठ्ठ्या, आर्द्र, ब्राह्मण, मूर्तींना, झाड़ू.

तपासा: कागद वाचायला अशा माणसाला द्या ज्याने फॉन्ट काढताना पाहिलेला नाही. तो कुठल्या शब्दावर थांबतो ते बघा. त्याला "कसं वाटतं" विचारू नका, फक्त मोठ्याने वाचायला सांगा.

## ११. फाइल देताना

छपाईसाठी ओटीएफ, ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी टीटीएफ, वेबसाइटसाठी डब्ल्यूओएफएफ२. फॉन्टच्या नावात 'फायनल', 'न्यू' असं काही नको. फाइलच्या आत आवृत्ती १.००० पासून सुरू करा. सुधारणा झाली की आकडा वाढवा आणि काय बदललं ते दोन ओळींत लिहून द्या. विंडोजवर जुनी आवृत्ती काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्याशिवाय नवी टाकू नका, नाहीतर जुनेच आकार दिसत राहतात आणि सुधारणा झालीच नाही असा समज होतो.

सोबत एक पानी कागद द्या: कुठलं वजन कुठे, मजकुराच्या वजनाचा किमान आकार किती, गडद रंगावर पांढऱ्या अक्षरांसाठी त्याहून किती मोठा, मराठीसाठी कुठली फाइल, कटिंगपूर्वी वेल्ड. तो कागद कंपनीत नेमका कुणाकडे राहील ते विचारून त्याच माणसाच्या हातात द्या आणि त्याच्याच कॉम्प्युटरवर फॉन्ट टाकून 'कचोऱ्या' टाइप करून दाखवा.

पहिला पाउच छापून आला की त्याचे दोन-तीन नग मागून घ्या. पाठीमागची घटकांची यादी भिंगाखाली धरा, म आणि भ च्या गाठी बघा. भरलेल्या असतील तर मजकुराच्या वजनातल्या गाठी ८-१० युनिटांनी मोकळ्या करून १.०१० आवृत्ती पुढच्या छपाईच्या आधी पाठवा.